हद्दीवरची वाट

मी, खाली सही करणारा, वनखात्यातून निवृत्त झालेला कामगार, ज्याला पायथ्याच्या वस्तीत सगळे वाटाड्या म्हणतात, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्या छातीबद्दल ते तसे लिहून द्यायला तयार नाहीत, म्हणून ही घाई. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते आशेच्या भरात लिहिले होते.

१. घर. वस्तीतल्या शेवटच्या वळणावरचे माझे दोन खोल्यांचे घर मी माझ्या मेहुणीला देतो. बायको गेल्यापासून तिने माझे जेवणखाण पाहिले आणि माझी बडबड ऐकून घेतली. डोंगर लोकांना खुला असावा की बंद, याबद्दल तिला काहीही मत नाही. तिचे गुडघे दुखतात आणि तिला तेवढे पुरते. या घरात आता असेच माणूस राहायला हवे. मागचे दार किंचित उचलून लोटल्याशिवाय बंद होत नाही. हे तिला ठाऊक आहे, तरी कागदावर असू द्यावे.

२. शिल्लक. बँकेत जे असेल तेही तिचेच. त्यातून तिने आधी गुडघ्यांकडे बघावे.

३. हत्यारे. कोयता, लांब दांड्याची करवत, कुदळ, पहार आणि दगडांवर पांढऱ्या खुणा रंगवायचा ब्रश. यांनी मी उभा जन्म वरच्या तळ्यापर्यंतची पायवाट मोकळी ठेवली. दरवर्षी पाऊस सरला की वाहून गेलेल्या पायऱ्या बसवायच्या, वाटेवर आलेल्या फांद्या छाटायच्या. मुले लहान होती तेव्हा दोघेही बरोबर असत. थोरला पुढे फांद्या ओढत जाई, धाकटी मागून खुणा रंगवी आणि तिच्या फ्रॉकचा पार सत्यानाश होई. घरी आल्यावर बोलणी मात्र मला बसत. ही हत्यारे भंगारात द्यावीत. का, ते पुढच्या कलमात.

४. वरचे रान. ते सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांचे आहे, म्हणून मला ते कोणाच्या नावे करता येत नाही, असे वकीलबाईंनी दोनदा समजावले. मला ते करायचेही नाही. फक्त काय झाले ते लिहून ठेवतो.

थोरला उघड्या गाड्यांतून पर्यटक फिरवतो. त्याला तळ्यापर्यंत रस्ता हवा होता. धाकटी वनस्पतींची अभ्यासक आहे. तिला सगळे रान माणसांना कायमचे बंद हवे होते. शाळेच्या सभागृहात सरकारी समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा दोघे एकाच माइकवर पाठोपाठ बोलले. तो म्हणाला, "ज्यांना चढवत नाही त्यांनी रान फोटोतच बघायचं का?" ती म्हणाली, "माणूस गेला की रान सावरतं." मी मधल्या रांगेत बसलो होतो. मला दोघांचेही पटत होते आणि म्हणून कोणालाच माझा उपयोग नव्हता. बाहेर पडताना मी धाकटीला म्हटले, अगं, पायी जाणाऱ्याने काय बिघडते? तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, तुम्हीसुद्धा माणूसच आहात." त्या दिवसापासून भावंडे एकमेकांचे तोंड बघत नाहीत.

समितीने मधला मार्ग काढला. अर्धे रान बंद, अर्धे गाड्यांना खुले. हद्द कुठून न्यायची हे ठरवायला नकाशावाला आला. गडी भला होता, माझ्यासोबत तळ्यापर्यंत दमत दमत चालला. एवढ्या झाडीत त्याला जमिनीवर एकच सलग रेषा दिसली. इतकी स्वच्छ रेषा त्याने कुठे पाहिली नव्हती, म्हणून त्याने माझी पाठही थोपटली. मग हद्द तिच्यावरूनच आखली. आता माझ्या वाटेवर मधोमध कुंपण उभे राहत आहे. खांबांसाठी त्यांनी माझ्याच पायऱ्या उखडल्या. एका बाजूला पाय ठेवायला बंदी, दुसऱ्या बाजूला गाड्या. पायी चालणाऱ्याला जागाच उरली नाही, आणि हे कोणी वाईट हेतूने केलेले नाही. मला राग धरायलाही माणूस मिळत नाही.

५. तरी थोडा राग शिल्लक आहे, त्याची वाटणी अशी. समितीच्या अध्यक्षांनी माझ्या अंत्यविधीला भाषण करू नये. दोन्ही बाजूंचे समाधान झाले, असे ते सुनावणीत म्हणाले होते. माझ्याबद्दलही तेच म्हणतील. नकाशावाल्याला माझी चालायची काठी द्यावी. त्याला खरोखर धाप लागते.

६. माझी राख रानात नेऊ नये. बंद बाजूला बाहेरचे काही टाकायला मनाई आहे, आणि गाड्यांची धूळ मी जिवंतपणी पुरेशी खाल्ली.

७. मुले. रद्द केलेल्या मृत्युपत्रात घर दोघांना अर्धे अर्धे होते. अट एकच, कुंपण पुरे होण्याआधी दोघांनी मिळून एकदा तळ्यापर्यंत चालत जावे. दोघांनीही घरावर पाणी सोडले, तेही वेगवेगळ्या पत्रांनी. म्हणून आता दोघांना काहीच देत नाही. हे रागाने नव्हे. ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या, आणि साक्षीदार दोन लागतात. मी त्या दोघांना साक्षीदार केले आहे. निदान सहीपुरते तरी ती माझ्या टेबलाशी एकत्र बसतील. मी तीन खुर्च्या पुसून ठेवल्या आहेत. मला दुसरे काही नको.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मला तो मान्य आहे.

लिहून ठेवणार: वाटाड्या (सही)
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: महिन्याचा शेवटचा गुरुवार

साक्षीदार: थोरला मुलगा, गाडीचालक (सही)
साक्षीदार: धाकटी मुलगी, वनस्पतींची अभ्यासक (सही)

सह्या झाल्यावर माझ्या हाताने जोडलेली टीप: थोरला सकाळी आला. बहीण येईल, थांब, असे मी म्हटले. त्याने उभ्याउभ्याच सही केली आणि म्हणाला, "गिऱ्हाईक खोळंबलंय, बाबा." धाकटी संध्याकाळी आली. भावाच्या सहीकडे तिने बराच वेळ पाहिले आणि त्याखाली स्वतःची केली. आता हे चालेल का, म्हणून मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "चालेल की. दोघं एका वेळी हवेत असं कायदा म्हणत नाही."