मिलिंद आज तिरकं बोलला

प्रिय आई,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हा तरी मी तुमच्याशी कुठे फार बोलत होते? पण आज मिलिंद तिरकं बोलला, आणि या घरात ही केवढी मोठी बातमी आहे, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार?

सुरुवातीपासून सांगते. तुमच्यामागे पहिली दिवाळी झाली आणि तुमचा मुलगा अचानक गोड बोलायला लागला. आमटी खारट झाली तरी "छान झालीये." माझा भाऊ न कळवता जेवायला टपकला तरी "बसा, बसा." शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गं, नवरा बदलून आणलास का?" मीही खूश होते. वाटलं, वय झालं, निवळला. तुमच्या पोटचा मुलगा असा निवळेल का, हा विचार मनात आलाच नाही.

मग तो कर्वेनगरात, आपल्याच गल्लीत, घर चुकला. लेकीचं नाव विसरला. एका सकाळी हातातला कप सुटला आणि त्याला फिट आली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूला सूज आहे, पण जंतू सापडत नाहीत. रोगांशी लढणाऱ्या त्याच्याच शरीरातल्या पेशी मेंदूला शत्रू समजून बसल्या होत्या. काही रक्तातून आत शिरल्या. मेंदूत कायम राहणाऱ्या, एरवी साफसफाई करणाऱ्या पेशीही त्यांच्याबरोबर खवळल्या.

"म्हणजे सोसायटीच्या वॉचमननेच घरमालकाला बदडलं," मी म्हणाले.

"अगदी."

"मग टाका ना मारून सगळ्या."

"आणि उद्या साधा ताप आला तर लढणार कोण? झालेला कचरा उचलायलाही त्यातल्याच पेशी लागतात. आपण त्यांना फक्त शांत करायचं."

खरं सांगू का, तेव्हा मला तुम्ही आठवलात. तुमच्या जिभेने मला किती रडवलं. पण बिल्डरचा माणूस दमदाटी करायला आला, तेव्हा त्याच जिभेने त्याला जिना उतरायला लावला होता. मला एकदा "चांगलं केलंस" म्हणाला असतात, तर काय बिघडलं असतं?

सलाइनमधून औषधं गेली. रस्ते, नावं, लेकीचा वाढदिवस, सगळं हळूहळू परत आलं. पण मिलिंद गप्प आणि गोडच राहिला. माणूस वाचला, पण माझा मिलिंद काही परत यायचा नाही, अशी मला भीती वाटायची.

आज तपासणी होती. बाहेर बराच वेळ ताटकळून अखेर आत गेलो. स्मरणशक्ती बघायला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अपॉइंटमेंट कितीची होती, आठवतंय?"

मिलिंद म्हणाला, "साडेदहाची. तुम्हाला आठवत होतं का?"

त्या खो खो हसत सुटल्या. मी हसता हसता रडले. परत येताना रिक्षात तो म्हणाला, "एवढं काय झालं हसायला?" मी त्याचा हात घरापर्यंत सोडला नाही.

हा आजार उलटू शकतो, असं त्यांनी बजावलंय. म्हणून शब्द देते, आई. त्याने माझ्या स्वयंपाकाचं कौतुक केलं की मी लाजणार नाही, थेट दवाखान्यात फोन करीन. आणि टोमणा मारला की तोंड मिटून बसणार नाही, तसाच एक परत देईन. तुम्हाला एकदाही दिला नाही, ते राहूनच गेलं.

तुमची सून,
मृणाल