पुलाच्या अलीकडे एकवीस, पलीकडे अठरा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, बंदुका विकणारा व दुरुस्त करणारा, गल्लीत ‘कानस’ या नावाने ओळखला जाणारा (जीभ तशी आहे म्हणून), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण त्यांचं इथे काम नाही. डॉक्टर म्हणाले, पुढचं पुढे बघू. असं म्हणणारा डॉक्टर कधी चांगली बातमी देत नसतो. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. सापडलं तर ते खोटं समजावं.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरचं राहतं घर, आतल्या सामानासह, माझ्या एकुलत्या एका मुलीला. ती इस्पितळात परिचारिका आहे, उभ्या उभ्या जेवते, तिला बसायला एक स्वतःची जागा हवी. तिच्या आईचं शिवणयंत्र खिडकीपाशीच राहू द्यावं. जावई त्याला ‘अडगळ’ म्हणतो. जावईबापू, जरा दमानं घ्या, घर तुमच्या नावावर केलेलं नाही.

कलम दोन. बँकेत जे असेल ते नातीच्या शिक्षणासाठी. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू वीस वर्षं दार आपटतो आहे, त्याला मी काही देणं लागत नाही, पण दाराच्या बिजागरीसाठी तेलाची कुपी ठेवून जातो.

कलम तीन. पुलापलीकडचं दुकान. ते चालू ठेवू नये. परवाना परत करावा आणि कपाटातल्या अकरा बंदुका लोहाराकडून, मुलीच्या डोळ्यांदेखत, करवतीने कापून घ्याव्यात. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष दुकान घ्यायला टपून आहेत. त्यांना देऊ नये. गेल्या वर्षी मला म्हणाले होते, “कानसशेठ, अठरा पूर्ण झाले की माल द्यायचा, तुमच्या त्या तीन खेपा कशाला?” त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं. का नव्हतं, ते कलम सहामध्ये आहे.

तीन खेपा म्हणजे काय, ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून लिहितो. हा आमच्या वडिलांचा नियम. नवं गिऱ्हाईक पहिल्या खेपेला फक्त बघून जाणार. आठवड्याने दुसऱ्या खेपेला आमच्यासमोर बसून बंदूक खोलणार, पुसणार, पुन्हा जोडणार, चहा घेणार, बोलणार. आणखी आठवड्याने तिसऱ्या खेपेला घेऊन जाणार. हे कुठल्याही कायद्यात नाही. वडील म्हणायचे, कायदा दाखल्यावरची तारीख बघतो, आपण समोरचा माणूस बघायचा. निम्मी गिऱ्हाइकं पहिल्या खेपेनंतर फिरकायचीच नाहीत. वडिलांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

कलम चार. दुकानाच्या भिंतीवरचा तक्ता. आमच्याकडे चारी दिशांनी लोक यायचे, म्हणून कुठल्या मुलखात कितव्या वर्षी बंदूक मिळते ते मी त्यावर लिहून ठेवलं होतं. एका ठिकाणी सोळाव्या वर्षी, बापाची सही असली की झालं. एका ठिकाणी पंचवीस, वर डॉक्टरचा दाखला. लांब नळीची अठराव्या वर्षी, आखूड नळीची एकविसाव्या, असंही एक आहे. पुलाच्या अलीकडे एकवीस, पलीकडे अठरा. नदी एवढीशी, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, आणि ती ओलांडली की पोरगा तीन वर्षांनी मोठा होतो. हा तक्ता, हे मृत्युपत्र ज्या तपासून देणार आहेत त्या वकीलबाईंना द्यावा. त्या कायदे बदलायला बघणाऱ्यांच्या बैठकांना जातात, त्यांनी तो टेबलावर ठेवावा.

कलम पाच. वडिलांच्या कानशी, काम घट्ट पकडायचा लोखंडी शेगडा आणि नळी साफ करायच्या सळया माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. त्या निम्म्या त्याच्याच होत्या. पुलाच्या अलीकडे बंदुकीचं वय अठराचं एकवीस झालं तेव्हा मी म्हटलं, दुकान पुलापलीकडे हलवू. दादा म्हणाला, “पोरांना विकण्यासाठी नदी ओलांडायची? मी नाही येणार.” मी हत्यारं उचलून निघालो. त्याने बंदुका सोडल्या आणि कुलपांचं दुकान टाकलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसे आम्ही दोघे. त्याने हत्यारं घेतली नाहीत तर माझी तक्रार नाही.

कलम सहा. हे कलम लिहायचं म्हणून बाकीची लिहिली.

दादाचा उशिरा झालेला एकुलता एक मुलगा, त्याच्या लांब पायांमुळे आम्ही त्याला ‘टोळ’ म्हणायचो. तो एकोणीस वर्षांचा असताना त्याने बापाकडे बंदूक मागितली. दादा म्हणाला, एकवीस झाल्यावर बघू. अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी टोळ पूल ओलांडून माझ्याकडे आला. “काका, मित्रांबरोबर शिकारीला जायचंय,” म्हणाला. मला आनंद झाला. लाज वाटते, पण खरं लिहितो: मनात आलं, बापाने नाही म्हटलं आणि पोरगा माझ्याकडे आला, म्हणजे मी जिंकलो. दाखला पाहिला, अठराच्या वर होता. मी म्हटलं, “घरच्या माणसाला कसल्या आल्यात खेपा?” आणि कागदात गुंडाळून दिली. त्याने चहा नको म्हटलं. टोळ कधी चहा नको म्हणत नसे. माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

त्याच संध्याकाळी त्याने स्वतःला संपवलं.

चौकशीला अधिकारी आले. वय बरोबर, परवाना बरोबर, नोंद बरोबर. अर्ध्या तासात मोकळा झालो. मग दादा आला. त्याने ना शिवी दिली ना हात उगारला. एकच विचारलं, “किती खेपा घातल्या त्याने?”

मी म्हटलं, “तीन.”

एक शब्द. स्वतःची कातडी वाचवायला. पण त्या शब्दाचा अर्थ असा झाला, की पोरगा दोन आठवडे हे मनात धरून घरात वावरत होता आणि आईबापाला कळलं नाही. तेव्हापासून वहिनी ते दोन आठवडे उसवत बसली आहे. मागे एकदा इस्पितळात माझ्या मुलीला म्हणाली, “चौदा दिवस माझ्या पुढ्यात बसून जेवला गं, आणि मी आंधळी.” मुलीने घरी येऊन सांगितलं. मी जेवत होतो. मूग गिळून जेवत राहिलो.

तर दादा, वहिनी, तो एकदाच आला होता. त्याच मंगळवारी. तुमच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. सुटलं ते माझ्या नजरेतून, दोन हातांच्या अंतरावरून. मला माफ करा असं मी लिहीत नाही, ते मागायची माझी लायकी नाही.

कलम सात. एवढं लिहून झाल्यावर लक्षात आलं, की दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहे. तो आधी गेला तर हा कागद कुणाला वाचून दाखवणार? म्हणून कलम सहा उद्या सकाळपासून लागू होईल. वकीलबाई म्हणतात, माणूस जिवंत असताना मृत्युपत्र लागू होत नाही, हे बेकायदेशीर आहे. असू द्या. जन्मभर कायद्याने वागून मी काय उजेड पाडला?

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल. बुधवार, चौदा मार्च.
सही: कानस
साक्षीदार: १. शेजारचा चष्मेवाला २. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर
(दोघांनी कलम सहा वाचलेलं नाही. सही करताना फक्त मला पाहिलं आहे.)

पुरवणी, गुरुवार, पंधरा मार्च.

आज सकाळी दादाकडे जाऊन आलो. जिना चढायला मला फार वेळ लागला. दार वहिनीने उघडलं आणि ती आत गेली. दादापुढे कलम सहा वाचायला घेतलं. अर्ध्यावर त्याने कागद ओढून घेतला आणि उरलेलं स्वतः वाचलं.

“एकदाच?” म्हणाला.

“एकदाच, दादा.”

“म्हणजे सोमवारी त्याने काही आणलेलं नव्हतं मनात?”

मी म्हटलं, “मनातलं मला माहीत नाही. पण माझ्या दुकानात तो सोमवारपर्यंत आला नव्हता, एवढं खरं.”

“सोमवारी माझं बोट कुलपात अडकलं होतं. पोट धरून हसला होता. अकरा वर्षं मला वाटतंय, आत ठरवून ठेवून वरवर हसत होता.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “आणि हे तू अकरा वर्षं…” त्याने हातातला कागद माझ्या अंगावर टाकला. म्हातारपणी माणूस रडतो तेव्हा सगळं अंग रडतं, ते मी पाहिलं.

त्याने मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी उठलो. जिन्यावर आलो तेव्हा आतून त्याची हाक ऐकू आली, “अगं, इकडे ये. सोमवारी आपला पोरगा हसला होता ना, तो खराच हसला होता.”

मी जिन्यावर बसलो.

कलम सहा अमलात आले आहे. बाकीची कलमे यथावकाश.

सही: कानस
साक्षीदार: तेच दोघे