रंग ओला आहे

रविवार, २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. विशेष म्हणजे मी पडले. घाबरू नकोस, हाडं जागच्या जागी आहेत. सायकलचं एक पेडल वाकलंय आणि डाव्या गुडघ्याला खरचटलंय. गटारात गेले खरी, पण डोकं वर ठेवून गेले.

आधी गोड बातमी. आमचे भट्टीवाले काका महिनाअखेर कामावरून मोकळे होतायत आणि बेकरीच्या मालकांनी भट्टी माझ्या हाती द्यायचं ठरवलंय. इतकी वर्षं मी पीठ मळत आले, आता पाव कधी आत जायचा आणि कधी बाहेर यायचा ते मी ठरवणार. शेहेचाळिसाव्या वर्षी एवढं नाचावंसं वाटणं बरं दिसत नाही, म्हणून पिठाच्या कोठीत जाऊन नाचले.

आता कडू. पहाटे बस नसते, म्हणून मी सायकलवर जाते. एक पांढरी गाडी रोज मागून येते, कानाचे पडदे फाटतील असा हॉर्न मारते आणि कोपराला वारा लागेल इतकी खेटून जाते. काल वारा नाही, आरसाच लागला. गाडी थांबलीसुद्धा नाही.

ह्यांनी शिवणयंत्रावरून मान वर न करता निकाल दिला की महिनाअखेर सायकल बंद आणि नोकरीही बंद. मी म्हटलं, काका जातील त्याच दिवशी मीही गेले तर भट्टी दुसऱ्या कुणाकडे जाईल आणि पुन्हा या जन्मी माझ्याकडे यायची नाही. त्यावर नुसता यंत्राचा आवाज वाढला.

तू तरी त्यांची री ओढू नकोस. वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, उपदेश मात्र निम्मा कर.

तुझी,
भिंगरी


गुरुवार, ६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. भट्टीची बातमी वाचून तुझ्या वहिनीने ती शेजारच्या तीन घरांत पोचवली. मी अभिमान मनात ठेवला, कारण शिडीवर उभा होतो.

उपदेश निम्माच करतो. तू रस्त्याच्या अगदी कडेने जातेस, ही पहिली चूक. कडेला चिकटलेल्या माणसाला लोक कडेचाच भाग समजतात. एक हात आत येऊन चालव. आरसा लाव. गडद कपडे घालू नकोस. पाट्या रंगवण्यात माझा जन्म गेला, आणि तोही कुणा गुरूच्या हाताखाली नाही. अक्षर लांबून दिसायचं तर मागचा रंग कोणता हवा, हे मी उन्हात उभा राहून एकट्याने शिकलो. तेव्हा याबाबतीत माझं ऐक, फिकट पिवळं घाल.

भावजींचंही पत्र आलंय. मी त्यांना दुजोरा द्यावा असं म्हणतात. मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्यांची भीती खोटी नाही. पण भीती गाडीवाल्याची आणि घरी बसायचं तू, हा हिशेब काही माझ्या गळी उतरत नाही.

तुझ्या स्वयंपाकघराच्या दारासाठी तू निळा रंग मागत होतीस. ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर डबा तुझ्या बेकरीवर धाडलाय. झाकण मी स्वतः ठोकून बसवलंय, त्यामुळे काळजी नाही.

गुडघा सांभाळ. आठवण काढत जा, आम्ही काढतोच.

तुझा,
दादा


बुधवार, १२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. तू स्वतः ठोकून बसवलेलं झाकण टेम्पोतच निघालं होतं. रागावू नकोस, त्याच्यासारखं भाग्याचं झाकण जगात दुसरं नसेल.

आरसा लावला, पिवळं घातलं, एक हात आत येऊन चालवलं. पांढऱ्या गाडीने हॉर्न तेवढा जास्त वेळ वाजवला, बाकी काही फरक नाही. मग सोमवारी तुझा डबा घेऊन घरी निघाले. मागच्या कॅरियरवर आडवी फळी बांधून त्यावर तो ठेवला होता. डब्याच्या अंगावरून निळे ओघळ, फळी निळी, आणि फळीचं टोक रस्त्याच्या बाजूला बाहेर. दादा, काय सांगू. मोटारी, टेम्पो, ती शाळेची मोठी बस, सगळे मला वळसा घालून जायला लागले. एकजण तर थांबून मी पुढे जायची वाट बघत होता. आणि चौकापुढे आपली पांढरी गाडी आली, तीही घरी परतत असावी. तिने हॉर्न दिला नाही. सरळ पलीकडच्या बाजूला सरकली आणि हळूच निघून गेली.

मी तिथेच उतरले. इतके दिवस मला वाटायचं, त्याला मी दिसत नाही. म्हणून तर पिवळं घातलं. दिसते रे. अगदी नीट दिसते. मला धक्का लागला तर चालतो, गाडीला रंग लागलेला चालत नाही, एवढंच. आधी डोळ्यांत पाणी आलं आणि मग असं हसू सुटलं की रस्त्यावरच्या एका आजोबांनी मला बरं वाटतंय ना म्हणून विचारलं.

तेव्हा विनंती अशी की मला फळीवर लावायला एक पाटी करून दे, "रंग ओला आहे" अशी. लवकर दे. महिनाअखेर जवळ येतेय आणि ह्यांचा चेहरा अजून इस्त्री केल्यासारखाच आहे.

वहिनीला सांग, दार अजून तसंच आहे. रंग दुसऱ्याच कामी आला. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


सोमवार, १७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. पाटी करून देणार नाही. वाळलेल्या फळीवर रंग ओला आहे असं लिहायचं म्हणजे खोटं लिहायचं, आणि मी आजवर खोटी पाटी रंगवलेली नाही. हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं, तेव्हा तुझ्या वहिनीने आपल्याच दुकानावरच्या "काम वेळेत मिळेल" या पाटीकडे बोट दाखवलं. तो विषय वेगळा आहे.

म्हणून फळीच पाठवतोय, आणि ती खरोखर ओली राहील. रंगात तेल बेताबाहेर घातलं की तो लवकर वाळत नाही. नवशिके ही चूक करतात. मी ती मुद्दाम, मापाने केली आहे. अक्षरं पांढरी, चार बोटं उंच, खाली ओघळ काढलेत. ओघळ काढायला अक्षरांपेक्षा जास्त वेळ लागला, कारण खरा ओघळ टोकाशी जाड होतो आणि लोक तिथेच चुकतात. फळी रस्त्याच्या बाजूला वीतभर बाहेर राहू दे, जास्त नको. सोबत बाटलीत रंग आहे. रोज संध्याकाळी कडेवरून एक हात फिरव, म्हणजे माझी पाटी खरी राहील.

भावजींना लिहिलंय की महिनाअखेरपर्यंत मी काही बोलणार नाही. माझ्या स्वभावाला हे किती जड आहे ते तुला ठाऊक आहे.

पुढच्या पत्रात कपड्यांना रंग लागल्याची तक्रार आली तर उत्तर मिळणार नाही. बाकी प्रेम आहेच.

तुझा,
दादा


मंगळवार, २५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. बसून वाच. शिडीवर वाचू नकोस.

तुझ्या फळीने आठवडाभर मला राणीसारखं नेलं-आणलं. काल पहाटे मात्र पांढऱ्या गाडीवाल्याला घाई असावी, किंवा पाटीवर विश्वास नसावा. पुन्हा खेटून गेला. फळी हलली, मी नाही हलले. पाव भट्टीतून निघाले, दुकान उघडलं, गिऱ्हाइकांची रांग लागली, आणि बाहेर आरडाओरडा ऐकू आला. मी पिठाच्या हातांनी बाहेर आले तर तोच. बाहेर लावलेली माझी सायकल आणि फळी ओळखून थांबलेला. गाडी दारात, आणि तिच्या एका बाजूच्या दोन्ही दारांवरून लांबच लांब निळी रेघ. अशी सरळ की तूसुद्धा पट्टी न लावता काढू शकणार नाहीस. तो मालकांना सांगत होता की तुमच्या या बाईने माझी गाडी खराब केली, असल्या लोकांनी रस्त्यावर यायचंच कशाला, रस्ता गाड्यांसाठी असतो.

आणि योग बघ, नेमके काल हे रांगेत उभे होते. कधी बेकरीची पायरी चढत नाहीत, पण काल पाव घ्यायला आले होते. यंत्रावरून उठून आलेले, गळ्यात टेप तशीच. बाहेर आले, आधी फळीची जमिनीपासून उंची मोजली, मग रेघेची. दोन्ही एक. मग फळी सायकलच्या बाहेर किती येते ते मोजलं, वीतभर. आणि त्या माणसाला शांतपणे म्हणाले, की साहेब, याहून लांब उभा राहून मी पँटचं माप घेतो.

रांग अशी हसली की आतल्या मुली भट्टी सोडून बाहेर आल्या. एका बाईंनी त्याला विचारलं की फळी उडून तुमच्या दाराला लागली का. तो सांगणार काय? तक्रार करायची तर आपण किती खेटून गेलो तेच सांगावं लागणार. मग त्याचा आवाज उतरला. हे म्हणाले की रेघ पुसता येईल, माणूस पुसून नीट होत नाही, आणि ही माझी बायको आहे. ते ऐकून त्याने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. रंग कशाने निघतो ते मी सांगितलं, कारण मी तुझी बहीण आहे. रॉकेलचा बोळा. जाताना पाव घेऊन गेला, आणि आज पहाटे इतक्या लांबून गेला की मलाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

रात्री ह्यांनी आपणहून वाकलेलं पेडल सरळ केलं. नोकरीचा शब्द काढला नाही, मीही काढला नाही. एक तारखेपासून भट्टी माझी. बेकरीतल्या दोघींना फळ्या हव्यात. काम वेळेत मिळेल ना? पहिला पाव वहिनीला, तुला वास.

तुझी,
भिंगरी


रविवार, ३० मार्च

ती. दादा यांस,
स. न. वि. वि. मला पत्र लिहायची सवय नाही, मापं लिहायची आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो.

त्या दिवशीची हकिकत तुम्हाला कळली असेलच. तिला वाटतं मी पाव घ्यायला गेलो होतो. मी मालकांना सांगायला गेलो होतो की भट्टी दुसऱ्या कुणाला द्या. तिला न विचारता. रांगेत उभं राहून वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात तो माणूस आला आणि रस्त्यावर यायचंच कशाला, रस्ता गाड्यांसाठी असतो, ही माझीच वाक्यं त्याने म्हटली, एकही शब्द न बदलता. महिनाभर घरात मी तेच बोलत होतो. मला वाटत होतं ती काळजी आहे. त्याच्या तोंडून ऐकल्यावर कळलं, ऐकणाऱ्याला ती कशी लागते.

गर्दी पांगल्यावर मालकांनी विचारलं, तुमचं काय काम होतं. मी म्हटलं, दोन पाव.

तिला याचा फार आनंद झाला. मी आपणहून बेकरीत आलो हे ती सगळ्यांना सांगत सुटली आहे. त्यामुळे मला आता रोज जावं लागतं. ती कामावरून एक पाव आणते, मी दोन आणतो. घरात खाणारी आम्ही दोघं. काल गिऱ्हाइकाला शिवलेल्या कोटाबरोबर एक बांधून दिला. भीती मला अजून वाटते, तिची सायकल वळणावरून दिसेपर्यंत मी खिडकीत असतो, पण ते माझं मी बघून घेईन.

यातलं तिला काही कळवू नका. आणि तुमच्याकडे पाव कितपत खपतो ते उलट टपाली कळवा, टेम्पोवाला परवा निघतोय.

आपला,
भावजी