तुझ्या घटनेत माझी जागा

दादा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. रागावू नकोस. तूही माझं नाव लिहून खोडलंसच की! त्याचं पुढे सांगतो.

मी तुला कधी पत्र लिहिलेलं नाही. सातवीत शाळा सोडणाऱ्याला पत्र कसलं जमतंय! आपला रविवारचा फोन होता, तेवढ्यावर भागायचं. आता तुला फोन लागत नाही. आणि आज सकाळी अनंत अप्पांचा फोन आला, म्हणून हे लिहायला बसलो. इथं पारादीपला आमचा ड्रेजर धक्क्याला लागलाय, गाळ ओढायचे पाइप बदलतायत. संध्याकाळी सारंग रजेची नावं घेणार. तोवर मला ठरवायचंय, यायचं की नाही. आणि आलो तर कोणाचा होऊन यायचं.

अप्पांनी आवाज काय गोड काढला होता, ऐकायला हवा होतास! "नितीन, बाळा, कसा हायस? जेवलास का?" इतकी वर्षं मी बाहेर आहे. गावकीच्या पंचानं मला जेवलास का म्हणून कधी विचारलं नव्हतं.

मग म्हणाले, "होळीच्या आधी बैठक हाय. सुभाषच्या त्या कागदाचा, लेखी घटनेचा, निकाल लावायचाय. सुभाष गेला, आता माडाखालचं घर म्हणजे तू. पुकारा झाला की 'हाय' म्हणायचं आणि बसायचं. कागदाला हात वर करायचा न्हाय, बस. तुझी जागा तुझी राहील."

माझी जागा! दादा, खरं सांगू? मला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

तुला काय त्याचं! तू त्या जागेवर बसलेलाच होतास. देवळातला तिसरा खांब, त्याला टेकून आपल्या घराची चटई. पंच पुकारणार, "माडाखालचे!" आणि घरचा कर्ता म्हणणार, "हाय!" मग हातात पान पडणार. आधी बाबा म्हणायचे, मग तू. एका घराचा आवाज एक. मी धाकटा, म्हणून बाहेर, चपलांच्या ढिगापाशी. तिथून तुझी फक्त पाठ दिसायची. कॉलर पांढरीशुभ्र असायची तुझी. मला त्या कॉलरचासुद्धा राग यायचा.

बाराव्याला आलो तेव्हा वाटलं, भाऊ गेलाय, लोक माझ्याशी दोन शब्द बोलतील. बोलले की! सगळे तुझ्या कागदांबद्दल बोलले. आगरदांड्याच्या जेटीवर, तुझ्या तिकिटाच्या खिडकीशेजारी ते सहा लेख अजून डकवलेले आहेत. दिघीला जाणारी माणसं फेरीबोट येईपर्यंत करणार काय? वाचतात. ज्यांना वाचता येत नाही ती दुसऱ्याला वाचायला लावतात. 'गावकीला लेखी घटना का हवी?' खाली सही, 'एक घर'.

एक म्हातारी कोळीण टोपली खाली ठेवून मला म्हणाली, "तू धाकला काय? तुला येतं काय तसं लिवायला?"

"नाय," मी म्हटलं.

"मग तू काय करतोस?"

"गाळ काढतो."

"बरं. तो पण कोणीतरी काढाया पायजे," म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली.

'एक घर' म्हणजे तू आणि रमाकांत मास्तर, हे गावाला तू गेल्यावर कळलं, आणि मला त्याच दिवशी. लिहायचास तू, आणि ओळखू येऊ नये म्हणून मास्तर आपल्या अक्षरात उतरवून काढायचे. वहिनीला ठाऊक होतं. फेरीवरच्या खलाशालाही वास लागला होता. दर रविवारी अर्धा-अर्धा तास बोलायचास, मला मात्र एका शब्दानं सांगितलं नाहीस! मास्तर तुझे कोण रे? शाळेतले दोस्त. मी पाठचा भाऊ. बाराव्याला मास्तर हुंदके देऊन रडले आणि मला वाटलं, हा माणूस माझ्या वाटणीचं रडतोय.

मग मी ते लेख वाचले. बोट ठेवून, एकेक ओळ. दादा, तू चांगलं लिहायचास. हे लिहिताना माझे दात आवळलेत, पण लिहितो.

दुसऱ्या लेखात तू लिहिलंस की देशाची घटना आपल्याबरोबर फेरीत बसते, दिघीला येते, मुंबईला येते, पण आपल्या देवळाच्या पायरीशी चपला काढून बाहेरच थांबते. आत नियम सांगणार अप्पा, आणि तोही तोंडी. कोणीतरी शेजारी उलट कागद डकवला, 'वाळीत टाकण्याविरुद्ध सरकारी कायदा झालाय, मग तुमचा कागद कशाला?' तू चिडला नाहीस. तिसऱ्या लेखात उत्तर दिलंस की कायदा पोलिसाला घेऊन येतो आणि पोलीस गेल्यावर गाव पुन्हा तेच करतं. घटना आपली आपणच मान्य करायची असते, म्हणून ती रात्रंदिवस गावातच राहते. आणि 'पंच भली माणसं आहेत, तर नियम कशाला?' म्हणणाऱ्यांना विचारलंस, तांडेल हुशार आहे म्हणून कोणी होडीचा नांगर काढून ठेवतं का?

इथवर माझी तक्रार नव्हती. चौथ्या लेखावर आलो आणि डोकं फिरलं.

'खाडीचं तोंड एकदा उपसून भागत नाही. गाळ पुन्हा येतोच. म्हणून घटनेतच तिच्या दुरुस्तीची वाट ठेवली पाहिजे, आणि ती वाट इतकी सोपीही नको की जो तो उठून खणत बसेल.'

हे वाक्य लोकांना पाठ आहे! फेरीवरचा खलाशी म्हणतो, मास्तर म्हणतात, वहिनीचा भाऊ म्हणतो, "काय दाखला दिला सुभाषनं!" अरे, तो दाखला माझा होता! मी तुला फोनवर सांगितलं होतं, "दादा, आमचं काम कधी संपत नाय. आज उपसलं की वर्षभरात पुन्हा भरतं, आणि वेडंवाकडं खणलं तर काठच ढासळतो." तू नुसतं 'हं, हं' करत होतास. मला वाटलं, कंटाळलास. तू लिहून घेत होतास, होय ना? मग एकदा तरी म्हणायचंस, नित्या, तुझं बोलणं कामाला आलं!

आणि पहिला लेख? तो तर सगळाच माझा.

आठवतंय ना तुला? शेवंती काकूचा नवरा गेल्यापासून 'हाय' म्हणायला घरात पुरुष नव्हता. दोन पोरी, बस. बाईनं पुकाऱ्याला उत्तर द्यायचं नाही. तीन वर्षं उत्तर आलं नाही की घर यादीतून जातं, मग त्या घरच्या लग्नाला गाव जात नाही आणि मयताला खांदा देत नाही. तिसरं वर्ष होतं. अप्पांनी पुकारलं, "विहिरीकडचे!" काकू पायरीवर पदर घट्ट धरून उभी. मंडपात कोणी हललं नाही. पुन्हा पुकारलं, "विहिरीकडचे!" आणि मी चपलांपाशी बसून ओरडलो, "हाय!"

सगळा मंडप हसला. अप्पा म्हणाले, "हा कोण रे? ह्याला विहिरीकडं सून म्हणून दिलाय काय?" पुन्हा हसले. तू उठलास, हात जोडलेस, माझ्या वतीनं माफी मागितलीस, देवापुढं नारळ ठेवलास. काकूचं घर गेलं यादीतून. घरी अंगणाच्या बेड्यापाशी आल्यावर म्हणालास, "तुला सगळ्याची मस्करीच सुचते."

मी मस्करी केली नव्हती, दादा. म्हणजे, थोडी केली होती. पण थोडीच. त्याच आठवड्यात मी गाव सोडलं. मुंद्रा, मग मंगळूर, आता पारादीप. एका जागी टिकत नाही म्हणून तू मला बोल लावायचास. जागा होती कुठे टिकायला?

आणि तू काय लिहिलंस? 'काही वर्षांपूर्वी विहिरीकडच्या घरासाठी एकानं हाय म्हटलं. आपण सगळे हसलो. त्या दिवशी मंडपात एकच माणूस बरोबर बोलला होता.'

एकानं! एक कोण? त्याला नाव नव्हतं?

वहिनीला तुझी वही सापडली. तिनं पानांचे फोटो पाठवले. तिथं तू आधी लिहिलंयस, 'माझ्या भावानं, नितीननं'. मग आडवी रेघ. आणि वर बारीक अक्षरात, 'एकानं'. ती रेघ मी फोटो मोठा करकरून पाहिली. दोनदा ओढलीयस.

वहिनीला फोन लावला. अप्पांचंही सांगितलं. ती म्हणाली, "भावजी, तुमचं नाव ठेवलं असतं तर घर कळलं नसतं का? लपून लिहीत होते ना ते."

"मला तरी सांगायचं."

"मी म्हटलं होतं त्यांना. म्हणाले, त्याला सांगितलं तर तो पहिल्या गाडीनं येईल आणि मंडपात भांडेल."

बरोबर ओळखलं होतंस तू. मी आलोच असतो.

मग मी विचारलं, "बैठकीचं काय करू?"

"ते तुम्ही ठरवा. जागा तुमची हाय. मी पायरीवर बसून ऐकेन, सवय हाय मला." मागे फेरीचा भोंगा वाजला. "थांबा हं, गिऱ्हाईक आलंय," म्हणाली आणि कोणाला तरी दिघीची तीन तिकिटं दिली. ती तुझ्या खिडकीत बसते आता. अप्पांची सूनसुद्धा तिच्याच हातून तिकीट घेते.

वहीतलं शेवटचं पान सातव्या लेखाचं आहे, अर्धवट. त्यात तू कलम लिहिलंयस, 'घराचा आवाज त्या घरात राहणाऱ्याचा. मग ती बाई असो की पुरुष.' पुढे पान कोरं. वहिनी म्हणते, मास्तरांनी बैठकीपुढे ठेवलेल्या कागदात हे कलमही आहे.

दादा, हे कलम लिहिताना मी डोळ्यांपुढं आलो का रे तुझ्या? घरात राहणारा! मी कुठे राहतो घरात? म्हणजे जन्मभर चपलांपाशी बसलो, आता कुठे तो तिसरा खांब माझ्याकडे आला, आणि तुझा कागद मंजूर झाला की तोही गेला! हात वर केला तर माझी जागा मी माझ्याच हातानं घालवणार. नाही केला तर वहिनी जन्मभर पायरीवर. तुला मेल्यावरसुद्धा मला मागेच बसवायचं होतं का?

दुपारभर ह्याच रागात धक्क्यावर येरझाऱ्या घातल्या. एका ओडिया पोरानं विचारलं, "क्या हुआ, भाई?" मी म्हटलं, भावाशी भांडतोय.

आणि भांडता भांडता एक गोष्ट लक्षात आली. मंडपातली तुझी पाठ आठवली, ती पांढरी कॉलर. सहा लेख लिहिलेस, पण बैठकीला दरवर्षी त्या खांबाला टेकून तूच बसलास. वहिनी मागे पायरीवर होती ना? शेवंती काकूसारखीच? एकदा तरी उठलास का रे? तिला म्हणालास का, ये, बस? लिहिणं तुला जमलं, दादा. उठणं जमलं नाही.

खरं सांगतो, हे सुचलं तेव्हा मला आनंद झाला. तू न केलेलं काहीतरी शिल्लक आहे! आणि ते माझ्याइतकं कोणाला येणार? जागा सोडून उठण्यात तर माझा हात धरणारा गावात कोणी नाही.

तेव्हा ऐक. संध्याकाळी सारंगाला नाव देतो. होळीच्या आधी येतो. आजवर अप्पांच्या मनाविरुद्ध हात वर केलेली घरं त्यांनी पुढच्या पुकाऱ्यात गाळलीत; मलाही गाळलं तर गाळू देत. पंच पुकारतील, "माडाखालचे!" मी चटईवर बसून म्हणेन, "हाय!" एकदाच, पण खणखणीत, त्या दिवशी चपलांपाशी म्हटलं होतं तितक्याच जोरात. आता हसू दे कोणाला हसायचं ते. कागदाला हात वर करेन. आणि कागद मंजूर होवो नाहीतर पडो, मी तिथून उठेन, पायरीवर जाईन, वहिनीला म्हणेन, जा आत, तिसरा खांब. मग माझ्या जुन्या जागी, चपलांपाशी बसेन. तिथून मला ह्या वेळी तिची पाठ दिसेल.

आणि हे पत्र सातवा लेख म्हणून तुझ्या खिडकीशेजारी डकवणार आहे. मास्तरांना अक्षर द्यायला सांगणार नाही, माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात राहू दे. तो गाळाचा दाखला कोणाचा, ते त्या कोळणीलाही कळू दे. खाली 'एक घर' लिहीत नाही. तुझ्या वहीत ज्या नावावर तू रेघ ओढलीस, तेच लिहितो.

नितीन,
माडाखालचा, तुझा धाकटा