अ-युआनच्या गाडीला पट्टे

१६ जानेवारी

चांद्र नववर्षाला धाकटा भाऊ अ-युआन येणार म्हणून मोटारसायकल नवी करायची! आबांनी आज फर्मान काढलं. अर्धांगवायू झाल्यापासून तोंडून दिवसभरात मोजकेच शब्द निघतात, आज ते यावर खर्च झाले — "अ-युआन येणार. गाडी नवी कर. पट्टे — पहिल्यासारखे." बस्स. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगणातल्या पपनसाकडे बघून बोलले.

सहा वर्षं ही गाडी मी चालवते. आबांना मागे बसवते, लहानपणी आईने ज्या कापडाने मला पाठीशी बांधलं त्याच कापडाने त्यांना माझ्या कमरेशी बांधते, नाहीतर ते डावीकडे कलंडतात. दवाखाना, देऊळ, मासळीबाजार, सगळं असं. अ-युआनने या सहा वर्षांत तिच्यासमोर उभं राहून एकदा फोटो काढून घेतला. आणि गाडी त्याची!

१८ जानेवारी

शेजारच्या त्साय काकू मुळ्याच्या वड्या घेऊन आल्या. खरं म्हणजे बातमी काढायला. मी सांगून टाकलं. म्हणाल्या, "मग? घरची वस्तू मुलाकडेच जायची. तू कशाला तोंड फुगवतेस, लुआन? तू दिलेली मुलगी."

दिलेली आणि नवऱ्याने परत पाठवलेली, एवढं त्यांनी गिळलं. उपकार झाले. वड्या मात्र चांगल्या होत्या.

२२ जानेवारी

पट्टे आले. ताइचुंगला एक माणूस जुने फोटो बघून व्हिनाइलचे पट्टे हुबेहूब कापून देतो. लाल, कडेला पांढरी रेघ. पुढे रुंद आणि मागे निमुळते होत गेलेले, आबांनी गाडी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा होते तसेच. वर जाड पांढरा कागद चिकटवलेला, त्यामुळे आत काय आहे ते दिसतही नाही. फक्त कोपऱ्यात लिहिलंय — उजवा, डावा.

आबा पाकीट मांडीवर घेऊन बसले ते जेवायलाही खाली ठेवेनात. मी आजारी पडले तेव्हा माझ्यासाठी एवढा जीव टाकला होता का? आठवत नाही.

२५ जानेवारी

आबा फोनवर होते. अ-युआनच पलीकडे, दुसरं कोण. अडखळत बरंच काही बोलत होते. मी चहा घेऊन आत गेले तर गप्प. "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही."

ठरतंय त्यांचं बापलेकांचं. ठरू दे.

२८ जानेवारी

जुने पट्टे काढले. केस वाळवायचा ड्रायर लावून तापवायचे आणि कोपऱ्यातून हळूहळू ओढायचे. उन्हाने इतके कडक झालेत की नखाएवढे तुकडे निघतात. खाली राहिलेला चिकटा स्पिरिटने पुसला. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला जाता जाता म्हणाला, "मेणाचा लवलेश राहिला तर एकही पट्टा धरायचा नाही हं, ताई." म्हणून पुन्हा पुसलं. टाकीसमोर इतका वेळ वाकून होते की संध्याकाळी आबांना खुर्चीतून उठवताना पाठीत पुन्हा कळ आली आणि दोघेही पडता पडता वाचलो. आबा माझ्याकडे बघत राहिले.

हे सगळं कोणासाठी, तर साहेब ताइपेईत मिरवतील म्हणून.

३१ जानेवारी

लावले एकदाचे. आबांनी खुर्ची गाडीच्या बरोबर समोर मांडायला लावली, तोंड हेडलाइटकडे. नववर्षाला आबा गल्लीतल्या सगळ्यांच्या दारांवर शुभ ओळी लिहिलेले लाल कागद चिकटवायचे, तेव्हा असंच सांगायचे. आपण दाराकडे तोंड करून उभं राहायचं, पहिली ओळ आपल्या उजव्या हाताला. लहानपणी खळीचं भांडं धरून मीच त्यांच्या मागे हिंडायचे.

तसंच आज. आबांनी चांगला हात उचलला — "उजवा. तिकडे." मी साबणाचं पाणी फवारलं, पट्टा ठेवला, सरकवून जागेवर आणला, जुन्या बँक कार्डाने मधून कडेला पाणी दाबत काढलं. मग दुसऱ्या बाजूला डावा. आबा म्हणाले, "बरोबर." सहा वर्षांत माझ्या कुठल्याही कामाला पहिल्यांदाच बरोबर म्हणाले. तेही अ-युआनच्या गाडीवर!

वरचा कागद उद्या काढायचा, चिकटा नीट बसू द्यायचा.

१ फेब्रुवारी

उलटे.

कागद काढला तर रुंद टोक मागे, निमुळतं पुढे. दोन्ही बाजूंनी. गाडी मागे पळत निघाल्यासारखी दिसते. आबा बघत राहिले. मग तोंडाची चांगली बाजू हलली. हसले! मला हसू आलं नाही.

२ फेब्रुवारी

ताइचुंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "अहो ताई, उजवा म्हणजे गाडीवर बसणाऱ्याचा उजवा. दारावरचा कागद आहे का तो, समोर उभं राहून लावायला?" मग जरा नरमला. "तुम्ही काही पहिल्या नाही. दुसरी जोडी उद्या पाठवतो, सुट्ट्या लागायच्या आत मिळेल."

मी म्हटलं, नको.

हो, नको म्हटलं. मिरवू दे त्याला उलट्या पट्ट्यांची गाडी. प्रत्येक सिग्नलला लोक हसू देत. आबांना सांगितलं, नवे मिळत नाहीत. खोटं बोलले, आणि बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

दारावर लाल कागद लावले. उजवा उजवीकडे. आबांनी मान डोलावली. आमचं दार तेवढं बरोबर.

९ फेब्रुवारी

अ-युआन बायकोला घेऊन मोटारीतून आला. वर्षाअखेरचं जेवण. मासा, मुळ्याच्या वड्या, कोंबडीचं सूप, सगळं मी केलं. तरी भावजय हसून म्हणते, "ताई, आज तुम्ही इथेच जेवणार?" दिलेल्या मुलीने या रात्री माहेरी जेवलं की भावाची भरभराट अडते म्हणे. सहा वर्षं मी इथे रोज जेवते, त्याची भरभराट बघा. गेल्या वर्षी ताट घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. यंदा आबांच्या शेजारी बसले, मुद्दाम. त्यांच्या माशाचे काटे कोण काढणार होतं?

अ-युआन अंगणात जाऊन आला आणि खो खो हसला. "ताई, ही गाडी उलटी चाललीय की!"

"तुझे आबा म्हणाले, उजवा तिकडे."

"आबा, तुम्हीसुद्धा ना!" म्हणून त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आबांनी तो हात धरून ठेवला. मी वाढत राहिले.

१० फेब्रुवारी

पाठ धरली. नववर्षाचा पहिला दिवस अंथरुणात. आबांना अ-युआनने उठवलं. येतं त्याला.

१२ फेब्रुवारी

अ-युआन आबांना घेऊन गेला. गाडी नाही, आबांना. कायमचं.

पहाटेच बॅगा भरल्या होत्या त्यांनी. म्हणाला, "ताई, त्यांनीच महिनाभर माझ्यामागे लकडा लावला होता. लुआनची पाठ मोडली, मला तुझ्याकडे ने, म्हणायचे. तुला आधी कळलं असतं तर तू सोडलं नसतंस, म्हणून सांगू देईनात." मोटारीच्या खिडकीतून आबांनी चांगला हात बाहेर काढला आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "गाडी तुझी. नवी आहे."

दुपारी मासळीबाजारात जायला निघाले. सवयीने आईचं कापड कमरेला बांधलं आणि दुसरं टोक हातात धरून उभी राहिले. त्साय काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अगं, पट्टे तरी सरळ करून घे."