मायच्या मापाची चौकट

नाना, आज माझ्या नव्या घराचं दार टेंपोतून आलं. चौकटीसकट, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. दोन पोरांनी ते दुपारपर्यंत बसवलं आणि गेले. माय खुर्चीवर बसून सगळं बघत होती. पोरं गेल्यावर म्हणाली, "बस? इतलंच?" आणि हसायला लागली. मग मीही हसले. आता तुमची गोष्ट निघणार, हे दोघींना ठाऊक होतं.

शहाद्याच्या आपल्या गल्लीत अर्ध्या घरांची दारं तुमच्या हातची, आणि आपल्या दाराला बारदान टांगलेलं. माय रोज ऐकवायची, "आखा गावले दारं दिधात, अन् सुतारना घरमा कुत्रा येतस." कुत्री खरंच यायची. तुम्ही लाकडावर वाकस चालवत म्हणायचात, "या साली करी टाकसू." आणि करायचातही. साग निवडून, रंधा मारून चौकट ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवायचात. तेव्हा चौकटी ठेंगण्या असत, वाकून आत जायची रीत होती. आपली मात्र तुम्ही मायच्या मापाची केलीत, डोक्यावर हंडा घेऊन तिला ताठ आत येता यावं म्हणून. भरला हंडा डोक्यावर देऊन तुम्ही तिला ओट्यावर उभं केलंत आणि दोरीने माप घेतलंत. तिने मान जराशी कलती केली. पाणी तुमच्या पाठीवर सांडलं. ते चुकून नव्हतं.

पण अडलेला माणूस आला, की तुमच्या तोंडून नाही निघत नसे. पहिली चौकट शेजारच्या लग्नघरी गेली. दुसरी पहाडातला एक माणूस होळीच्या आधी जीपच्या टपावर बांधून घेऊन गेला. माय जीपमागे ओरडली, "मन्हा मापनं दार लोकेसना घरमा!" तुम्ही म्हणालात, "त्यानी बायकोबी पानीच भरस ना."

तिसरी तयार झाली त्याच सकाळी तळोद्याकडचा एक शेतकरी आला. त्याच्या घराची चौकट परवा बसायची होती आणि त्याचा सुतार तापाने पडला होता. बोलताना त्याचे डोळे आपल्या चौकटीवर. तुम्ही मान खाजवलीत, मायकडे बघायचं टाळलंत आणि म्हणालात, "चाला भाऊ, स्टँडवर बसी बोलूत." ही पण जाणार, हे मायला कळलं. ती रडली नाही, भांडली नाही. मला नारळ आणायला पिटाळलं. मी परतले तेव्हा चौकट धुऊन झाली होती, हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. तिने नारळ फोडला आणि चौकटीशी मांडी घालून बसली. पूजलेली चौकट दुसऱ्याच्या घरी जात नाही. सुताराच्या बायकोला कोण शिकवणार?

तुम्ही दोघे येता आणि ओट्याखालीच थांबता. शेतकरी म्हणतो, "मिस्तरी, हाई काय?" तुम्ही दोन्ही हात वर करता. "पूजाई गई, भाऊ. आते मन्हा हातमा काही नही." त्याचा चेहरा पडतो. तुम्ही लगेच हत्यारं गोणीत भरता, त्याच्याबरोबर त्याच्या गावी जाता आणि तिथेच त्याची चौकट करून देता. परत आल्यावर आधी आपली बसवता, तिला दार लावता, मग जेवता.

माय हंडा घेऊन ताठ आत आली. पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आली. पाणी पुरेसं झालं होतं. शेजारीण बंद दारापुढे थबकली. "वो बाई, आते कसं येऊ?" माय आतून म्हणाली, "खडखडाव. मंग उघडसू." ती दाराच्या मागेच कडी धरून उभी होती.

आजही ती ही गोष्ट जिंकल्यासारखी सांगते. "कसं गप करं मी त्यासले!" नव्या दाराशी बसून आज पुन्हा सांगितली. मी मान डोलावली. म्हणूनच हा कागद तिच्या हाती द्यायचा नाही, आणि तुम्ही तर गेलात, तुमच्यापर्यंत तो पोचणार नाही. त्या दिवशी नारळ छातीशी धरून मी स्टँडवरून पळत होते, तेव्हा हॉटेलच्या बाकावरून तुम्ही मला पाहिलंत. शेतकरी उठायला लागला होता. तुम्ही त्याचा हात धरून त्याला खाली बसवलंत आणि आणखी दोन चहा सांगितलेत. हे मी मायला अजून सांगितलेलं नाही.