घर सोडू नकोस

फिंतास, कुवेत

चि. रसिकास दादाचा आशीर्वाद.

तुझ्याकडचं ओट्याखालचं कपाट, दिवाण आणि देव्हारा मी दर सुट्टीत येऊन स्वतःच्या हातांनी केले, एकही खिळा न मारता.

मी बरा आहे. उन्हामुळे दुपारचं काम बंद असतं. तू जेवतेस ना? दोन दिवस तुझा फोन लागत नाही.

काल सुयोगचा आला. म्हणे, “दादा, आमचं लग्न झालंच नव्हतं, मग तिचा घरावर हक्क कसला?” अकरा वर्षं तुझ्या हातचं गिळताना आठवलं नाही! कायदा मी स्वतः वाचलाय, दोनदा. नवराबायकोसारखं राहिलेल्या बाईला असं हाकलता येत नाही. वकील गाठ.

मी तुला समजावून बाहेर काढलं, तर फर्निचरचे म्हणून मला तीन लाख चाळीस हजार देणार होता. मी नको म्हणालो.

तुझा
विश्वासदादा